उजव्या बाजूचा दरवाजा

हाइल शहराबाहेर गॅरेजवाल्यांची वसाहत आहे, तिला इथे सनाइया म्हणतात. तिथल्या एका शेडमध्ये मी सतरा वर्षं पत्रा ठोकतो आहे. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातून निघालो तेव्हा पाच वर्षांत परत येतो, असं सगळ्यांना सांगून आलो होतो. आता कोणी विचारत नाही, मीही सांगत नाही.

ठोकर बसलेली गाडी सरळ करायची, सडलेला पत्रा कापून नवा जोडायचा, दरवाजे आणि बोनेट बसवायचं, हे माझं काम. शेडमध्ये आम्ही दोघंच. मी आणि एक येमेनी रंगारी. मी गाडी सरळ करून देतो, तो रंगवतो. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आमचे व्हिसे आहेत तो मालक, महिन्यातून एकदा डोकावतो, चहा पितो आणि जातो.

तीन हिवाळ्यांपूर्वी एका सकाळी सपाट ट्रकवर लादून एक गाडी आमच्या दारात आली. सत्तरच्या दशकातली अमेरिकन गाडी, दोनच दरवाजे, लांबलचक बोनेट, आठ सिलिंडरचं इंजिन. असल्या गाड्यांचं इथल्या लोकांना वेड आहे. पण ही गाडी बघून रंगारी म्हणाला, "ही गाडी कसली, मय्यत आहे." पुढून उजवी बाजू पार आत गेली होती. मडगार्ड चाकावर दुमडलं होतं, दरवाज्याला मधोमध घडी पडली होती. वर धूळ, पाखरांची शीट आणि गव्हाचा भुसा यांचा थर. डावी बाजू, इथल्या गाड्यांत चालक बसतो ती, मात्र जवळजवळ सरळ.

ट्रकमागून एक पिकअप आली. ती एक तरुण माणूस चालवत होता आणि त्याच्या शेजारून साठी उलटलेले एक गृहस्थ उतरले. ठेंगणे, सुकलेले, पांढऱ्या पायघोळ तोबवर जाड लोकरी कोट. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, असं तरुणाने सांगितलं; तो त्यांचा भाचा होता. मी त्यांना उस्ताद म्हणू लागलो. ते मला मुअल्लिम म्हणत. अरबीत शिकवणाऱ्यालाही मुअल्लिम म्हणतात आणि हाताने चांगलं काम करणाऱ्यालाही. मला त्या हाकेचं बरं वाटायचं, हे कबूल करतो.

"माझ्या थोरल्या भावाची गाडी," उस्ताद म्हणाले. "तो चालवत होता. मी शेजारी होतो. गाडी खडकावर गेली. माझ्या बाजूचा दरवाजा उघडला आणि मी बाहेर फेकला गेलो, म्हणून वाचलो. तो गेला."

"वय काय होतं त्याचं?"

"एकोणीस. मी पंधरा."

वडिलांनी ती गाडी विकली नाही, दुरुस्त केली नाही आणि भंगारातही दिली नाही. गावाबाहेरच्या त्यांच्या गव्हाच्या शेतावर यंत्रं ठेवायच्या शेडमध्ये ती चाळीसहून जास्त वर्षं पडून होती. आता वडील गेले, शेत उस्तादांकडे आलं.

"मला ही नवी करून हवी," ते म्हणाले. "आईला बसवून एकदा शहरातून फिरवायचं आहे. आणि एक लक्षात ठेव. उजव्या बाजूचं जुनं काहीही ठेवायचं नाही. एक खिळासुद्धा."

जुन्या गाड्यांचे शौकीन उलटं बोलतात. जेवढं जुनं वाचेल तेवढं वाचव, म्हणतात. पण गाडी त्यांची, मर्जी त्यांची.

नवे पार्ट अमेरिकेहून येणार होते. त्या गाड्या बनणं कधीच बंद झालं. आता दुसरेच कारखाने जुन्यावरून माप घेऊन तसेच पार्ट बनवतात. आमच्याकडे अशा मालाला तिजारी म्हणतात, म्हणजे असली नव्हे, नक्कल. ते जहाजाने यायला तीन महिने लागणार होते. तोवर मी उजवी बाजू उतरवायला घेतली.

दरवाजा निघेना. हँडल ओढलं, पहार घालून बघितली, शेवटी ग्राइंडरने कापला. कापलेला तुकडा हातात आला तेव्हा त्यात कुलपाचा जबडा होता आणि त्या जबड्यात दरवाज्यामागच्या खांबावरचा खुंट घट्ट पकडलेला. ठोकर बसताना पुढचा, बिजागऱ्यांचा खांब मागे सरकला, त्याने दरवाजा मागे रेटला आणि खुंट तिथेच चेपून बसला होता. दरवाजा उघडला असता तर जबडा सुटलेला दिसला असता. हा दरवाजा त्या दिवशी उघडला नव्हता. त्यानंतरही कधी उघडला नव्हता.

मी तो तुकडा क्षणभर हातात धरून उभा राहिलो. मग वाटलं, काचेतून फेकले गेले असतील, पंधरा वर्षांच्या पोराला काय आठवणार. प्रत्येक वाकलेल्या गाडीची एक हकीकत असते आणि ती घेऊन येणाऱ्याची दुसरी. त्यातलं खरंखोटं करायला मी बसलो तर माझं काम व्हायचं नाही. तुकडा भंगाराच्या पिंपात टाकला.

पार्ट आले ते जानेवारीत. हाइलची थंडी कोकणातल्या माणसाला कळायची नाही. सकाळी पाना हातात घेतला की बोटांना चिकटतो. लाकडी खोक्यांतून मडगार्ड, दरवाजा, बोनेट, बंपर निघाले, सगळे काळ्या लेपाचे, गुळगुळीत. उस्ताद रोज असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर यायचे. भाचा सोडून जायचा किंवा ते टॅक्सीने यायचे. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून थर्मासमधला गहवा, वेलची घातलेली अरबी कॉफी, मला आणि रंगाऱ्याला द्यायचे. कधी स्वतः गाडी चालवत आले नाहीत. मी एकदा सहज विचारलं तर म्हणाले, "डोळे कमजोर आहेत."

नक्कल केलेला पार्ट म्हणजे काढला आणि लावला, असं लोकांना वाटतं. तसं कधी होत नाही. भोक केसभर इकडे असतं, कड जराशी जाड असते. गोल कानशीने भोकं लांबवायची, बोल्टखाली पत्र्याच्या चकत्या घालायच्या, लावायचं, चार पावलं मागे जाऊन बघायचं, परत काढायचं. रंग देण्याआधी हे वीस वेळा करावं लागतं. दोन पत्र्यांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आली की झालं. डाव्या बाजूचं नवं मडगार्ड दोन दिवसांत बसलं. उजवीकडचं आठ दिवस झाले तरी बसेना. वर करंगळी जाईल एवढी फट, खाली कागदसुद्धा जाईना.

"पार्ट खराब आला," उस्ताद म्हणाले. "परत पाठवू."

"पार्टचा दोष नाही, उस्ताद. हा सरळ गाडीच्या मापाने बनवलेला आहे. गाडीच आतून वाकलेली आहे, म्हणून बसत नाही. खांब ओढून जागेवर आणावा लागेल."

"मग ओढ."

त्यासाठी आतलं सगळं बाहेर काढायचं होतं. गालिचा निघाला, उजवी सीट निघाली. चालकाची सीट निघेना. सीट पुढेमागे सरकते ती पट्टी गंजून एका खाचेत अडकली होती. मी स्टिअरिंगमागे बसून जोर लावायला गेलो तर माझे गुडघे आत मावेनात. सीट सगळ्यात पुढच्या खाचेत होती.

मी खाली वाकून पट्टीवर तेल सोडत होतो, डोकं कामात होतं. आणि तोंडातून निघून गेलं, "उस्ताद, तुमचा भाऊ पण तुमच्यासारखाच ठेंगणा होता का?"

मी मान वर केली. त्यांच्या हातात छोटा कप होता आणि ते माझ्याकडे नाही, सीटकडे बघत होते.

"नाही," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा वीतभर उंच होता."

मग त्यांनी कप खाली ठेवला, फोन करून भाच्याला बोलावलं आणि गेले. थर्मास तिथेच राहिला. माझ्या हाताला तेल लागलेलं, मी तसाच बसून राहिलो. पिंपात टाकलेला तो कुलपाचा तुकडा मला तेव्हा आठवला.

चार दिवस ते आले नाहीत. मी फोन केला नाही. काय म्हणून करणार?

पाचव्या दिवशी टॅक्सीने आले. रंगारी नमाजाला गेला होता, तिथून बाजारात जाणार होता. उस्ताद खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले.

"तुला कळलंय," ते म्हणाले.

"मला फक्त पत्रा कळतो."

"तेच म्हणतोय मी." आणि मग त्यांनी सांगितलं. मुलांना धडा समजावून सांगावा तसं, सावकाश, माझ्या अरबीला झेपेल अशा शब्दांत.

त्या दिवशी शेतावरून परत येताना त्यांनी भावाकडे हट्ट धरला होता, मला चालवू दे. भाऊ हसून उतरला, म्हणाला, "यल्ला, बस." पाय पोचत नव्हते म्हणून त्यानेच सीट पुढे सरकवून दिली. खडीचा रस्ता होता. धाकट्याने पाय दाबला, गाडी आवाज करत सुटली, भाऊ ओरडून हसत होता. वळण आलं आणि गाडी वळली नाही.

"लोक आले, त्यांनी आम्हा दोघांना माझ्या, चालकाच्या बाजूने बाहेर काढून जमिनीवर निजवलं. नंतर वडील आले, काका आले. काकांनी विचारलं, कोण चालवत होतं? मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, थोरलाच असणार. मी गप्प राहिलो. तेवढंच. मी खोटं बोललो नाही, मुअल्लिम. मी फक्त गप्प राहिलो. दरवाज्याची गोष्ट पण कोणीतरी दुसऱ्यानेच सांगितली. मग ती सगळेच सांगू लागले, मग मीसुद्धा."

"तुमच्या वडिलांना कधीच..."

"वडील त्याचं नाव घेत नसत. दुसऱ्या कोणी घेतलं तर म्हणत, त्याने माझा धाकटाही घालवला असता. मी समोर बसून जेवत असायचो. माझ्या ताटात ते स्वतःच्या हाताने मांस वाढायचे. त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. डोळे माझे चांगले आहेत."

बाहेर एक टँकर मागे घेत होते, त्याचा भोंगा वाजत राहिला. तो थांबल्यावर त्यांनी विचारलं, "आई आहे अजून. तिला सांगू?"

माझी अरबी गॅरेजची अरबी आहे. बोल्ट, पत्रा, उद्या या, खलास. एवढ्या मोठ्या गोष्टीसाठी माझ्याकडे शब्द नव्हते. अल्लाहला ठाऊक, म्हणून मी सुटू शकलो असतो. पण ते मला मुअल्लिम म्हणत होते, आणि एका शिकलेल्या, वयाने मोठ्या माणसाने माझा सल्ला मागितला होता. मी म्हणालो, "उस्ताद, आतला खांब वाकडा ठेवून वर कितीही नवा पत्रा लावला तरी फट राहतेच. सांगून टाका."

ते वाक्य मला सुचलं याचा मला अभिमान वाटला. खोलीवर जाऊन गावी बायकोला फोन केला तेव्हा ते मी तिला ऐकवलं.

"त्या म्हातारीचं वय काय?" तिने विचारलं.

"ऐंशीच्या पुढे."

"मग तुम्ही कशाला मध्ये पडलात? तुम्हाला पत्र्याचं कळतं. माणसाचं काय कळतं तुम्हाला? वर्षातून एक महिना तर माणसांत येता."

मी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी उस्तादांना सांगावं असं मनात आलं, की राहू द्या, घाई करू नका. पण ते आलेच नाहीत. शुक्रवारच्या नमाजानंतर त्यांनी आईला सांगितलं होतं.

रविवारी आले ते उभेच राहिले. मी खुर्ची पुसून दिली तरी बसले नाहीत.

"तिने सगळं ऐकून घेतलं," ते म्हणाले. "मग एवढंच विचारलं, तो लगेच गेला का? मी म्हटलं, हो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "लगेच नव्हता गेला. खरं सांगायला बसलो होतो, आणि तिथेही खोटंच बोललो."

"मग?"

"मग म्हणाली, हे तुझ्या बापाला सांगायला हवं होतंस. तो त्याच्या लेकावर रागावून मेला."

माझ्या हातात कानस होती, ती मी खाली ठेवली. काही बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "आई आहेत, वेळ लागेल."

"तिने माझ्या बहिणीला फोन करून बोलावून घेतलं," ते म्हणाले. "बहीण मदिनेला असते. आज सकाळी आई तिच्याबरोबर गेली. निघताना माझ्या बायकोला औषधाच्या वेळा विचारत होती. मला काही विचारलं नाही."

"गाडीचं काय करू, उस्ताद?"

"पुरी कर," ते म्हणाले. "सुरू केलंय ना."

त्यानंतर ते शेडवर यायचे बंद झाले. गहवा नाही, खुर्ची रिकामी. रंगाऱ्याने दोनतीनदा विचारलं, मास्तर आजारी आहेत का? मी म्हटलं, असतील.

मी काम करत राहिलो. साखळी लावून, जॅक लावून खांब रोज थोडा थोडा ओढला. घाईने ओढला तर पत्रा फाटतो. नवव्या दिवशी दोन्ही कोपऱ्यांतलं माप सारखं आलं. मडगार्ड बसलं. मग दरवाजा. बिजागऱ्या तीनदा काढून तीनदा लावल्या, खालच्या बिजागरीमागे एक चकती घातली. शेवटी दरवाजा लोटला तो एका बोटाने, आणि असा मिटला की फक्त टिक् झालं. एरवी असं झालं की मी रंगाऱ्याला हाक मारून दाखवतो. त्या दिवशी दरवाजा उघडला, मिटला, परत उघडला, आणि पाने गोळा करू लागलो. इतकं चांगलं काम माझ्या हातून क्वचित झालं असेल. ते कोणासाठी केलं, ते कळेना.

रंगाऱ्याने गडद हिरवा रंग दिला, मूळ होता तसाच. इंजिन शेजारच्या शेडमधल्या मेकॅनिकने चालू करून दिलं. मार्चमध्ये मी उस्तादांना फोन केला. ते टॅक्सीने आले. गाडीभोवती एक फेरी मारली, नव्या पत्र्यावरून हात फिरवला, बोनेटमध्ये दिसणाऱ्या स्वतःच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"शेतावर नेऊ," म्हणाले. "तू चालव."

"सपाट ट्रक बोलावतो, उस्ताद."

"नको. तू चालव, मी बसतो."

ते उजवीकडून आत बसले आणि दरवाजा ओढून घेतला. इंजिन सुरू झालं तेव्हा त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले. मी अगदी हळू चालवत होतो. मोठ्या रस्त्यावर लोक गाडीच्या काचा खाली करून मोबाइलवर आमचा व्हिडिओ घेत होते. एका गाडीतले तरुण ओरडून काहीतरी कौतुकाचं बोलले. मी हात हलवला. उस्ताद समोर बघत राहिले. शहर संपलं, डोंगर मागे पडले, गव्हाची शेतं लागली. खडीचा रस्ता सुरू झाला तसा मी वेग आणखी कमी केला. एका वळणावर ते म्हणाले, "इथे." मी ब्रेकवर पाय ठेवला. "थांबू नकोस," ते म्हणाले, "जा."

शेतावरच्या शेडमध्ये गाडी जुन्याच जागी लावली. जमिनीवर तिच्या आकाराचा फिका चौकोन अजून होता. वर नवं कव्हर घातलं. उस्तादांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, म्हणाले, "तुझं काम फार चांगलं झालं, मुअल्लिम." त्यांच्या गड्याने मला पिकअपमधून सनाइयात आणून सोडलं.

त्यांची आई परत आली नाही. पुढच्या हिवाळ्यात मदिनेतच वारली, तिथेच दफन केलं. भाचा एका दुसऱ्या गाडीच्या कामासाठी आमच्याकडे आला होता, त्याच्याकडून कळलं. मी रंगाऱ्याला शेड सांभाळायला सांगितली, हात घासून धुतले, धुतलेला शर्ट घातला आणि उस्तादांच्या घरी दुखवट्याला गेलो.

वाटेत मी अरबी वाक्यं जुळवत होतो. मी बोलायला नको होतं. मला काय कळत होतं? तुम्ही विचारलंत म्हणून मी बोललो, पण मला माहीत नव्हतं. ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून बघितलं.

बैठकीत पाचसहा माणसं होती. उस्ताद उठून भेटले, मला शेजारी बसवून घेतलं. ते फार वाळले होते. बाकीचे आपापसात बोलू लागले तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "शेवटचे चार महिने ती मला रोज फोन करायची."

"अल्हम्दुलिल्लाह," मी म्हणालो. मला एकदम हलकं वाटलं.

"तब्येत नाही, हवापाणी नाही. रोज एकच प्रश्न, त्या दिवसाचा. त्याने सकाळी काय खाल्लं होतं? अंगावर कुठला तोब होता? तुम्ही दोघं कशावरून हसत होता? मी सांगितलं की बरं म्हणून फोन ठेवायची. दुसऱ्या दिवशी दुसरा प्रश्न. मला माफ केलं असं कधी म्हणाली नाही, आणि मी विचारलं नाही. मी फक्त आठवून आठवून उत्तर द्यायचो." त्यांनी नाकावरून रुमाल फिरवला. "आता अजून आठवतं काहीबाही. सकाळी उठलो की आठवतं."

मी वाक्यं जुळवून आणली होती. तोंड उघडलं, तेवढ्यात दारात आणखी माणसं आली आणि उस्ताद त्यांना भेटायला उठले. मी सरकून जागा केली. गहवा वाढणारा समोर येऊन उभा राहिला; मी दोन कप घेतले, तिसऱ्याच्या वेळी कप हलवून पुरे म्हटलं, आणि सगळ्यांना सलाम करून बाहेर चपला शोधू लागलो.